धाप लागते, एवढंच सांगायचं होतं

सातव्या की आठव्या 'कबड्डी'ला माझा आवाज बंद झाला. तोंड हलत होतं, आतून काही येत नव्हतं. समोर सहा जणी हात पसरून उभ्या, मी त्यांच्या बाजूला जेमतेम दोन पावलं शिरलेली, आणि बाहेरून आमचा सराव घेणारे भाऊ ओरडले, "दम तुटला! फिर मागं, फिर!"

फिरले. मधली रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात टेकले आणि तशीच वाकून राहिले. एरवी अशी दोन मिनटं उभी राहिले की छाती शांत व्हायची. त्या दिवशी होईना. बाकीच्यांच्या दोन चढाया झाल्या, एक पकड झाली, हसणं झालं, भांडण झालं, आणि मी अजून वाकलेलीच. छातीत दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखणाऱ्या माणसाला लोक विचारतात तरी. पाण्याखालून वर यावं आणि वर आल्यावरसुद्धा हवा मिळू नये, तसं काहीतरी होत होतं.

"काय गो, पोरीबरोबर दम पण बाहेर काढलास काय?" माझी जाऊ बोलली.

सगळ्या हसल्या. मी पण हसले. हसायला पण हवा लागते हे तेव्हा कळलं.

माझी मुलगी तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. गणपती गेल्यावर झालेली. बाळंतपण साधं झालं, टाके पडले पण वेळेत भरले, सव्वा महिन्यानं मी माहेरून सासरी आले आणि कामाला लागले. सासर म्हणजे अलिबागवरून मुरुडला जाताना आत वळलं की लागणारं भातशेतीचं गाव. माघात आमच्या गावदेवीची पालखी निघते, तेव्हा लग्न होऊन गेलेल्या सगळ्या मुली माहेरी येतात. पालखीच्या दिवशी दुपारी सुना विरुद्ध माहेरवाशिणी असा कबड्डीचा सामना असतो. भात कापलेल्या शेतात धसकटं काढून, ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून मैदान करतात. हरतील त्यांनी जिंकणाऱ्यांना जेवायला वाढायचं, असा नेम. आता वाढायचं म्हटल्यावर हरलो तरी आम्ही सुनाच वाढणार आणि जिंकलो तरी आम्हीच. पण जिंकून वाढताना मान वर असते.

तीन वर्षं सुना हरलेल्या. म्हणून सगळ्यांचा डोळा माझ्यावर. मी शाळेत असताना तालुक्याला खेळलेली. आईची पाठ गेली आणि नववीत माझी शाळा सुटली, मराठी-गणित काय ते विसरायला झालं, पण चढाई विसरले नव्हते. लग्न जमवताना सासऱ्यांनी मुलगी बघितली ती अर्धी मैदानावरच, असं घरात अजून बोलतात. त्यामुळे खेळायला बंदी नव्हती कधी. उलट सासूबाई स्वतः मुलीला घेऊन बांधावर बसायच्या, बघायला. बंदी असती तर निदान वाचले असते, असं मला कधी कधी रागात वाटतं.

भाऊ म्हणजे आमच्या गावचे जुने खेळाडू. जिल्ह्यातून खेळलेले. आता दोन्ही गुडघे गेलेत, फाट्यावर चहाची टपरी चालवतात आणि संध्याकाळी आम्हाला शिकवतात. त्यांना सांगितलं, भाऊ, दम पुरत नाही.

"दम म्हंजे काय चुलीवरचं दूध हाय, आपोआप वर यायला? काढावा लागतो. चार महिने बसून खाल्लंस, आता सकाळी खाडीच्या बांधावर पळ. रोज थोडं वाढव."

"पळताना डोळ्यापुढं काळं येतं."

"पाणी कमी पितेस."

मी पळायला लागले. सकाळी मुलीला पाजून, सासूबाईंजवळ देऊन, खाडीच्या बांधावर. पहिल्या दिवशी उघाडीपर्यंत गेले, म्हणजे बांधात पाणी सोडायची ती दारं असतात तिथपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिच्या अलीकडंच थांबले. चार दिवसांनी त्याच्याही अलीकडं. आता कुणी अक्कल असलेल्या माणसानं विचार केला असता, की रोज पळून माणसाचा पल्ला वाढतो, माझा कमी कसा होतो? मी विचार केला नाही. मला वाटलं मीच आळशी. मी स्वतःला शिव्या देत पळायचे. छातीत हृदय नुसतं जोरात नाही, वेडंवाकडं वाजायचं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एकदम चार. जाळ्यातून काढलेला मासा टोपलीत उडतो तसं.

प्रत्येकाकडं कारण तयार होतं, याचा मला अजून राग येतो. सासूबाई बोलल्या, बाळंतपणात पोट नीट बांधलं न्हाईस, वारा शिरलाय. जाऊ बोलली, दूध पाजून पाजून अशक्तपणा येतोच, मला दोन वेळा आलेला. आमचे हे कंपनीत कंत्राटावर, आठवड्याला पाळी बदलते, ते घरी आले की झोपलेले. त्यांना उठवून सांगितलं तर त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला, नाकपुडी दाबून श्वास घ्यायचा. "हे कर रोज. तीस लाख लोकांनी बघितलाय." आता तीस लाख लोकांनी बघितला म्हणून माझ्या छातीत हवा जाणार होती का? पण केलं तेही. नाक दाबलं की जीव घाबरायचा.

माझ्या आईला फोन केला. आई बोलली, "तुला लहानपणापासून घाई. बस जरा."

बसत होतेच की. बसल्यावरच बरं वाटायचं. आडवी झाले की खोकला यायचा, म्हणून भिंतीला टेकून, मुलीला मांडीवर घेऊन डोळा लागेल तेवढा लावायचे. हे पण घरात सगळ्यांना माहीत होतं. सून पोरीला मांडीवर घेऊन बसते, केवढी माया, असं सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या. मी आतून ऐकत होते.

एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चढाईला जाणाऱ्या पोरीला भाऊ सगळ्यात आधी शिकवतात ते म्हणजे दम संपत आला हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. कळलं की ते झडप घालतात. त्यामुळे तोंड साधं ठेवायचं, खांदे वर उचलायचे नाहीत, श्वास नाकानं बारीक बारीक चोरायचा. 'दम गिळ,' भाऊ म्हणतात. मला ते माहेरी असतानाच, नवव्या-दहाव्या वर्षापासून येतं. छाती फुटत असली तरी माझं तोंड बाजाराला निघालेल्या बाईसारखं. माझी चढाई त्यासाठीच नावाजलेली.

तर आशाताई आल्या, मुलीच्या लसीचं कार्ड बघायला. आमच्या भागातल्या आशाताई चांगल्या, घरोघर फिरतात. मी मुलीला उचलून ओटीवर आले तेवढ्यात मला धाप लागली, ती त्यांनी बघितली. बोलल्या, "उद्या सेंटरवर ये. लस पण होईल, डॉक्टर पण बघतील."

"डाक्टर कशाला?" सासूबाई बोलल्या. "सरावानं दमते ती."

"मावशी, ओटीवर यायला कुठं सराव लागतो?"

मला आशाताईंच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो, मी, सासूबाई आणि मुलगी. लसीच्या दिवसामुळे गर्दी. बाकावर तास-दीड तास बसलो. बसल्यामुळे माझी छाती निवली होती. आत डॉक्टर नवीन, माझ्याच वयाचे असतील, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

सासूबाई बोलल्या, "कबड्डी खेळते. दम कमी पडतो."

"धाप लागते का?"

आणि मी काय केलं? मी तोंड साधं केलं. खांदे खाली घेतले. श्वास नाकानं चोरला आणि एका दमात, मध्ये न थांबता बोलले, "तशी काही नाही डॉक्टर, खेळताना जरा दमायला होतं, बाळंतपण झालंय ना, एरवी ठीक आहे."

का बोलले असं? मी कितीदा स्वतःला विचारलंय. कुणी रोखून बघितलं, प्रश्न विचारला, की माझं अंग आपोआप तसं करतं. समोर तपासणारा माणूस आणि मी पकड चुकवल्यासारखी त्याला चुकवून आले. पायांना सूज होती, ती सांगितली नाही, कारण विचारली नव्हती. आडवं झोपता येत नाही, ते सांगितलं नाही, कारण सासूबाई शेजारी होत्या आणि परत वारा, पोट, पट्टा निघालं असतं. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. रक्त कमी आहे बोलले, लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या खा बोलले. त्यांची तरी किती चूक म्हणायची? बाहेर चाळीस पोरं रडत होती.

परतताना सासूबाई मिनिडोर रिक्षात शेजारच्या बाईला सांगत होत्या, "न्हाय न्हाय, काही न्हाय निघालं. रक्त कमी हाय नुसतं."

झालं. त्या दिवसापासून मला बोलायची सोयच राहिली नाही. दम लागला म्हटलं की, "गोळी घेतलीस का?" घेत होते हो. गोळीनं शौचाला काळं होत होतं, बाकी काही होत नव्हतं.

पालखीच्या दोन दिवस आधी माझी नणंद आली. ती माझ्याच वयाची, मुरुडकडं दिलेली. माहेरवाशिणींची ती कप्तान. घोट्याची पकड तिच्यासारखी कुणाची नाही, खाली बसून असा पाय धरते की विंचवानं धरावा. आल्या आल्या मला बघून बोलली, "वैनी, तोंड काय असं सुजलंय? सासरचं गोड लागलं वाटतं!"

"तुझ्या आईच्या हातचं आहे ना," मी बोलले.

"मग यंदा पण वाढायची तयारी ठेव. मला मटणाचा रस्सा पातळ आवडत न्हाय."

असं आमचं चालतं. मला बरं वाटलं, पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं होतं. पण सुजलंय ते तिला पण जाडी वाटली.

सामन्याच्या दिवशी शेताच्या चारी बाजूंनी माणसं. बांधावर, झाडावर, मुंबईहून आलेले मोबाईल वर धरून. माझ्या पायात ताकद नव्हती. जोडवी आदल्या दिवसापासून रुतत होती, ती साबण लावून काढलेली. मी भाऊंना बोलले, "भाऊ, मला पहिल्या अर्ध्यात बाहेर ठेवा."

"येडी हायस काय? लोक तुला बघायला आलेत."

पहिल्या चढाईला एक गडी मारला. आरडाओरडा झाला. मी परत आले तेव्हा मला ऐकूच येत नव्हतं, कानात नुसता वारा. दुसऱ्या चढाईला गेलेच नाही, जावेला ढकललं. तिसऱ्याला भाऊंनी नावानं हाक मारून पाठवलं. मी रेषा ओलांडली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. चौथ्याला आवाज घोगरा. मी कोपऱ्याकडं पाय टाकला, आणि नणंदेनं खाली बसून माझा घोटा धरला.

बाकीच्या पोरी अंगावर आल्या. मी पडले. शिट्टी झाली. सगळ्या उठल्या, मी पालथी, मातीत गाल. नाकातोंडात माती जात होती आणि मला वाटत होतं माती गेली तरी चालेल, पण त्याच्याबरोबर थोडी हवा जाऊ दे. देवाची शपथ सांगते, तेव्हा मला माझी मुलगी आठवली नाही, कुणी आठवलं नाही. नुसती हवा.

नणंद अजून माझ्या पायाशीच बसलेली. मला वाटलं चिडवणार. ती बोलली, "वैनी, हे काय हाय?"

मी कशीबशी उठून बसले. तिनं धरलेल्या जागी घोट्याच्या वर चार बोटांचे चार खळगे पडलेले. वळ नव्हते, खळगे होते, मळलेल्या पिठात बोटं रुतावीत तसे. ती बघत राहिली, मी बघत राहिले, ते भरेनात. तिनं अंगठा घेतला आणि दुसऱ्या पायावर नडगीला दाबून बघितला. तिथं पण खळगा.

"कधीपासून?"

मी बोलायला तोंड उघडलं. एक शब्द बोलले आणि श्वास घेतला. दुसरा बोलले, परत श्वास.

"उठ. दवाखान्यात चल."

"आधी सामना तर होऊ दे," जाऊ बोलली.

"खड्ड्यात गेला तुमचा सामना!" नणंद अशी ओरडली की पंच पण मागं सरकला. भाऊ लंगडत आले, ग्लुकोज घेऊन. ग्लुकोज! त्यांच्या डोळ्यात पण काळजी होती, खोटं कशाला बोलू, पण हातात ग्लुकोजच होतं.

इथं कुणाला वाटेल की मला लगेच नेलं. नाही नेलं. मीच गेले नाही. पालखी दिवेलागणीला दारात येणार, घरच्या सुनेनं ओवाळायचं, ओटी भरायची. माझी मुलगी जन्मल्यापासूनची पहिली पालखी, तिला पालखीखालून काढायचा नवस सासूबाईंनी बोललेला. सासूबाई बोलल्या, "येवढं होऊन जाऊ दे, देवी बघते सगळं." नणंद आईशी भांडली. मी बोलले, राहू दे, सकाळी जाऊ. घोटा सुजलेला, छाती भरलेली, आणि मी ताट घेऊन दारात उभी. पालखी आमच्या दारात यायच्या आधी पाच घरं थांबते. प्रत्येक घरी लोक नाचतात. मी चौकटीला टेकून उभी होते आणि मला देवीचा नाही, तिला नाचवणाऱ्यांचा भयंकर राग येत होता. आता मला कुणी विचारलं, की कधी जायचं असतं डॉक्टरकडं, तर मी सांगते, पालखीच्या आधी. नंतर नाही.

सकाळी नणंद मला अलिबागला घेऊन गेली. मुलगी सासूबाईंकडं. रस्ताभर मी मिनिडोरच्या पुढच्या दांडीला धरून वाकून बसले होते. दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. मी खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं, "धाप लागते?"

माझं तोंड साधं झालं. मला कळलं की होतंय, पण थांबवता येईना.

नणंद बोलली, "डॉक्टर, हिला बसवून विचारू नका. ही बसून खोटं बोलते. हिला चालवून विचारा."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावला आणि बोलल्या, "चला, या बोळातून त्या टोकापर्यंत जाऊ आणि परत येऊ. चालता चालता मला सांगा, काल काय जेवलात."

मी निघाले. भात, बोलले. मटण. पुढं काही बोलता आलं नाही. अर्ध्या बोळात भिंत धरली. तोंड उघडं पडलं, खांदे वर गेले, सगळं उघडं पडलं. एवढ्या लोकांसमोर. बाकावरची माणसं बघत होती. मला इतकी लाज वाटली, आणि इतकं हलकं पण वाटलं, की मी रडायला लागले, आणि रडायला पण श्वास पुरेना.

मग सगळं भराभर झालं. छातीला वायरी लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली. काळोख्या खोलीत जेल लावून छातीची सोनोग्राफी केली, पोटातल्या बाळाची करतात तशीच, पडद्यावर माझं हृदय. मला वाटलेलं ते उड्या मारत असेल. ते दमलेल्या माणसासारखं नुसतं हलत होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या शब्दात सांगते. बाळंतपणाच्या आगेमागे काही बायकांचं हृदय कमजोर पडतं. का, ते नेहमी कळत नाही. हृदय नीट ढकलत नाही, मग पाणी मागं तुंबतं, फुप्फुसात आणि पायात. आडवं झालं की फुप्फुसातलं वाढतं, म्हणून मी बसून झोपत होते. वारा नव्हता, पोटाचा पट्टा नव्हता, आळस नव्हता.

"खेळताना कुणालाही दम लागतो," त्या बोलल्या. "पण थांबल्यावर तो बसला पाहिजे. बसत नसेल, काल झेपलं ते आज झेपत नसेल, आडवं होववत नसेल, पाय सुजत असतील, ठोके चुकत असतील, डोळ्यापुढं अंधारी येत असेल, तर यातलं एक जरी असलं तरी खेळ बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. तुम्हाला यातलं काय होत होतं?"

"सगळं."

"किती दिवस?"

नणंद माझ्याकडं बघत होती. "महिना... दीड महिना," मी बोलले.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला तिथंच ठेवून घेतलं. नाकाला नळी, हाताला सुई, पाणी काढायचं औषध. दर थोड्या वेळानं लघवीला जाऊन जाऊन कंटाळले, पण तिसऱ्या दिवशी पायाची हाडं दिसायला लागली आणि मी एका उशीवर आडवी झाले. आमचे हे पाळी सोडून आलेले, कोपऱ्यात उभे, मोबाईल खिशात. एवढंच बोलले, "मला वाटलं अशक्तपणा." मी बोलले, "मला पण." आणखी काय बोलणार? मला भीती वाटत होती की मरेन आणि मुलगी मला ओळखणार पण नाही. पण हे त्यांना सांगितलं नाही. त्यांचं तोंड आधीच एवढंसं झालेलं.

सासूबाई मुलीला घेऊन आल्या, वॉर्डच्या दाराबाहेरूनच बोलल्या, "येवढं होतं तर बोललीस का न्हाय?"

माझं डोकं फिरलं. "बोलले! भाऊंना बोलले, तुम्हाला बोलले, ह्यांना बोलले, आईला बोलले! गावात कुणी राहिलं नाही!"

"दमते म्हणलीस. मरते म्हणाली न्हाईस."

"मरते म्हटलं असतं तर नाटक करते म्हणाला असतात!"

नर्स ओरडली, आवाज कमी करा. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलगी माझ्याकडं झेपावत होती, आणि मला तिला पाजता येत नव्हतं, एका गोळीमुळं अंगावरचं दूध बंद करायला सांगितलेलं. छातीला घट्ट फडकं बांधलेलं, दूध दाटून ठणकत होतं, आणि ती पोर हात पुढं करून रडत होती. त्या रडण्याचा राग मी कुणावर काढू? अजून कळलेलं नाही मला.

घरी आल्यावर नवीन कटकट. मीठ कमी. म्हणजे सुकट बंद, लोणचं बंद, पापड बंद, खारं म्हणून जे काही आमच्या घरात चवीला असतं ते सगळं बंद. "मग जेवायचं काय, कापूस?" सासूबाई बोलल्या, पण माझं कालवण वेगळं काढायला त्यांनीच सुरुवात केली. रोज वजन करायचं, अचानक वाढलं तर फोन करायचा. चालायचं, पळायचं नाही. दुसरं मूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि विचारलं तर त्या नकोच म्हणत होत्या. गावात बायका विचारतात, "पोरीच्या पाठीवर कधी?" मी सांगते, हृदय कमजोर आहे. "एवढी तर ठणठणीत दिसतेस!" दिसते हो. दिसण्यातच सगळा घोळ झाला.

भाऊ एकदा येऊन ओटीवर बसले. चहा घेतला. बराच वेळ गुडघे चोळत होते. मग बोलले, "आमच्या वेळला एक पोरगा असाच पडला सरावाला. आम्ही त्याला पाणी मारून परत उभा केला." पुढं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता ते सरावाआधी प्रत्येकीला विचारतात, कुणाला काय होतंय का. पोरी हसतात, 'भाऊ, प्रेमात पडलोय' म्हणतात. त्यांनी हसावं. मला हसू येत नाही.

गेल्या आठवड्यात परत अलिबागला गेले, सहा महिन्यांची तपासणी. मनात धरलं होतं की पूर्ण बरी झाले म्हणतील. गोळी एक चुकवली नाही, मीठ खाल्लं नाही, पळाले नाही. परत तो काळोख्या खोलीतला पडदा. डॉक्टर बोलल्या, "सुधारलंय. पुष्कळ सुधारलंय. पण अजून पूर्ण नाही. गोळ्या चालू राहतील."

"मी सगळं ऐकलं तुमचं, तरी?"

"तरी."

मी चोविशीची आहे. मला इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. पर्स काखेला लावली पण होती. मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरी काही त्रास? परत काही जाणवलं?"

आदल्या दिवशी जाणवलं होतं. पेंढ्याचा भारा उचलून माळ्यावर दिला, तेव्हा ठोका चुकला आणि थोडा वेळ दम बसला नाही. थोडाच वेळ. येताना ठरवलं होतं की सांगायचं नाही, कारण सांगितलं तर गोळी वाढणार, आणि भारा उचलला म्हणून सगळ्यांची बोलणी खावी लागणार.

बाहेर रांग होती. दारातून एक बाई डोकावून बोलली, "अहो, झालं का हिचं?"

मी पर्स खाली ठेवली. "काल," मी बोलले, "काल दुपारी पेंढा उचलला तेव्हा." सगळं सांगितलं. कधी सुरू झालं, किती वेळ राहिलं, माळ्याच्या जिन्यात बसावं लागलं का, कोण बघत होतं. डॉक्टरांनी लिहायचं थांबवून ऐकलं. मग दुसरी गोळी अर्ध्याची एक केली आणि बोलल्या, पंधरा दिवसांनी परत या.

परत पंधरा दिवस, परत मिनिडोर, परत मुलीला कुणाकडं तरी ठेवायचं. चिडतच बाहेर आले. दारातली बाई मला बघून बोलली, "केवढं बोलत होतीस गो आत."

"तुम्ही पण बोला," मी तिला म्हटलं, आणि औषधाच्या दुकानाकडं गेले, सावकाश.